दोन तासांत येईल

सुष्मितानं ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, घेतलं ते कुणाचंही न ऐकता. करोना ओसरल्यानंतरचं ते वर्ष. कागलच्या स्टँडसमोरच्या नेट कॅफेत ती प्रवेशाचा फॉर्म भरायला बसली होती. शेजारच्या खुर्चीवर वडील, अप्पा, आणि स्पीकर चालू ठेवलेल्या फोनवर पुण्याहून चुलतभाऊ रुद्रेश. रुद्रेश स्वतः कंप्युटरवाला, पुण्यात फ्लॅट घेतलेला, त्यामुळं घरात शिक्षणाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्याचा.

"पहिल्या नंबरला कंप्युटर घाल," तो सांगत होता. "दुसऱ्याला आयटी. तिसऱ्याला ते एआय का काय ते. ई अँड टीसी घालूच नको सुशे. त्यात आता काय राहिलेलं न्हाई."

"मला तेच पायजे."

"का पण?"

"ते कसं चालतंय ते मला बघायचंय."

"काय कसं चालतंय?"

हे सांगायला गेलं तर फार लहानपणापासून सांगायला लागलं असतं. तिची आई शांतव्वा संकेश्वरकडची. स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचा रेडिओ असायचा आणि भाकऱ्या बडवताना तिला धारवाडचं कन्नड केंद्र लागायचं. पण कागलात संध्याकाळ झाली की त्या कन्नड गाण्याच्या पोटातनं मराठी बातम्या वर यायच्या. बाई गातेय तोवर मधेच एखादा माणूस बाजारभाव सांगून जायचा. सुष्मिता पाचवी-सहावीत असेल. "अव्वा, ही दोघं एकमेकांत कशी शिरतात?" असं तिनं विचारलं, तेव्हा शांतव्वा पीठ मळता मळता म्हणाली होती, "भांडायल्यात." त्या उत्तरानं पोरीचं समाधान झालं नाही. कॉलेजला जायची वेळ आली तरी झालं नव्हतं.

अप्पांनी, म्हणजे शिवमूर्तींनी, रुद्रेशचा फोन बंद केला. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. बोलायचे कमी, पण बोलले की दुकानाच्या भाषेत. म्हणाले, "बघ बाई. एकदा ताग्यातनं फाडलं की परत घेता येत न्हाई."

"फाडा," सुष्मिता म्हणाली.

कॉलेज कोल्हापूरच्या बाहेर, माळावर. पाच मजली इमारत, पुढं कारंजं, ते फक्त तपासणी समिती आली की चालू व्हायचं. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. ते गणितात आणि ड्रॉइंगच्या शीटा घासण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी अनुजा मॅडम आल्या आणि सुष्मिताला वाटलं, आपण बरोबर ठिकाणी आलो.

अनुजा मॅडम आजऱ्याच्या. भावाचा तिकडं काजूचा कारखाना होता. या शिकल्या, एम.टेक. झाल्या, कोल्हापुरात लग्न होऊन आल्या. नवरा फौंड्रीत होता, पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला. कॉलेजात त्यांची नेमणूक वर्षाच्या कराराची. दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळायची आणि ती मिळेपर्यंतचे दिवस मॅडम जरा गप्प असायच्या. कम्युनिकेशन सिस्टीम्स आणि नेटवर्क्स हे त्यांचे विषय.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. यशराजला शेवटच्या बाकावर उभं केलं, सुष्मिताला फळ्यापाशी, आणि बाकी वर्गाला सांगितलं, "मी हात वर केला की जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडा." यशराजच्या कानात त्यांनी एक वाक्य सांगितलं. ते त्यानं सुष्मितापर्यंत पोचवायचं. वर्गानं असा काही कल्ला केला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. यशराज हाताचा कर्णा करून बोंबलत होता.

"काय ऐकलंस?" मॅडमनी विचारलं.

"मावशी पेठेत हाय," सुष्मिता म्हणाली.

वर्गात हशा फुटला. वाक्य होतं, 'माझी सायकल गेटपाशी आहे.'

"आता दोघांनी मिळून ठरवा," मॅडम म्हणाल्या, "गोंधळ तेवढाच राहणार. तो काही थांबत नसतो. मग कसं पोचवाल?"

त्या दोघांनी डोकं लावलं. एकेक अक्षर, प्रत्येक अक्षर तीनदा, समजलं की हात वर, नाही समजलं तर पुन्हा. वेळ लागला, पण सायकल गेटपाशी पोचली. मॅडम म्हणाल्या, "झालं. वर्षभर मी हेच शिकवणार आहे. फक्त गणितं घालून."

त्या दिवशी सुष्मिता एसटीत बसून कागलला गेली. वाटभर तिला आतून हसू येत होतं.

पुढच्याच वर्षी कॉलेजनं ई अँड टीसीचे प्रवेश बंद केले. मुलं येत नव्हती. सगळी कंप्युटरकडं आणि एआयकडं पळत होती. जी आत होती तेवढी बाहेर पडली की शाखा संपली, असं ठरलं. ज्यांना शाखा बदलून मिळाली ते गेले. काहींनी वर्ष वाया घालवलं पण गेले. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मोजकी पोरं राहिली, आणि त्यातली बरीच फक्त हजेरीच्या कागदावर. यशराजच्या घरची डेअरी होती. "आपल्याला कुठलीबी डिग्री चालती," तो म्हणायचा आणि अधूनमधून येऊन जायचा. रोज येणारी एकटी सुष्मिता.

मॅडम तिच्या एकटीसाठी पूर्ण तास घ्यायच्या. सुरुवातीला फळ्यापाशी उभ्या राहून, मग समोरच्या बाकावर बसून. तिला कुठं अडतंय हे तिनं विचारायच्या आधीच त्यांना कळायचं. ही दोन सत्रं सुष्मिताच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, असं तिला पुढं वाटत राहिलं. तेव्हा मात्र तिला रोज भीती वाटायची. वर्गात रिकामे बाक इतके, की मॅडमचा आवाज भिंतीला लागून परत यायचा.

रुद्रेशचा अधूनमधून फोन यायचा. "अजून वेळ गेली न्हाई. पायथन शीक." ती हो म्हणायची. शिकायचीही थोडं. पण मन तिकडं लागत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजात आली तर प्रयोगशाळेचं दार सताड उघडं. आतली यंत्रं जिन्याखालच्या खोलीत हलवायचं काम चाललं होतं, कारण त्या जागी एआयची लॅब होणार होती. शिपाई बाळासो आणि दोन गडी सीआरओ उचलून नेत होते. सीआरओ म्हणजे ते जाडजूड यंत्र, ज्याच्या हिरव्या पडद्यावर लाट उमटते. सिग्नल डोळ्यांनी दिसतो तो तिथंच. मॅडम दाराशी उभ्या होत्या.

"बाळासो, जरा हळू घ्या हो."

"मॅडम, हे आता भंगारच हाय की," बाळासो म्हणाला. तो काही खवचटपणानं बोलला नव्हता. त्याला तसंच सांगितलं होतं.

मॅडमनी मान हलवली. मग सुष्मिताकडं बघून म्हणाल्या, "चल, आपण लायब्ररीत बसू." लायब्ररीत बोलायला मनाई. त्या दिवशीचा तास त्यांनी कुजबुजत घेतला.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मात्र दोघींनी मनासारखा केला. मॅडमचं घर कळंब्याच्या पुढं, गच्चीवरून तलावाचा एक कोपरा दिसायचा. तलावाच्या काठाला पाण्याची पातळी मोजणारा छोटा संच बसवायचा, त्यानं ती रेडिओलहरींवर गच्चीपर्यंत पाठवायची. मोबाईलची रेंज नको, इंटरनेट नको, सिमकार्ड नको. पूर येतो तेव्हा सगळ्यात आधी टॉवर बंद पडतात, तेव्हा हेच चालेल, असं त्यामागचं म्हणणं. अँटेना त्यांनी प्लास्टिकच्या पाइपावर तांब्याची तार गुंडाळून केली. महिनाभर काहीच पोचलं नाही. कधी तार चुकायची, कधी मधली झाडं आडवी यायची, एकदा म्हशी धुवायला आलेल्या पावण्यांनी संच उपटून काठावर नीट ठेवून दिला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी सुष्मिता तलावाकाठी चिखलात उभी होती आणि मॅडम गच्चीवर लॅपटॉपपुढं. फोनवर मॅडमचा आवाज एकदम पोरीसारखा झाला.

"आलं गं! आलं! परत पाठव!"

"पाठवलं!"

"आलं!"

सुष्मिता पाण्यात हात घालून पातळी मोजायचा तरंगता डबा वर-खाली करत राहिली आणि तिकडं गच्चीवर आकडे वर-खाली होत राहिले. काठावर कपडे धुणाऱ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. एकीनं विचारलं, "काय घावलं काय गं, पोरी?"

"व्हय मावशी," ती म्हणाली, "घावलं."

प्रोजेक्टचं सुख इतकंच. फेब्रुवारी लागताच मॅडमना कार्यालयात बोलावून सांगितलं की वर्ग नाही, तास नाहीत, तेव्हा करार संपेपर्यंत थांबायची गरज नाही. मॅडम पर्स खांद्याला लावून गेटपाशी आल्या तेव्हा सुष्मिता तिथं होती.

"मला उद्यापासून यायचं नाही," त्या म्हणाल्या.

सुष्मिता तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरली. आत कोण बसलंय, काही बघितलं नाही. कोल्हापूरकडची पोर, आवाज लहान करायची सवय नव्हती.

"सर, मॅडमना का काढलं?"

"काढलं नाही. लोड नाही," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "दोन पोरांसाठी मी मॅडम ठेवू?"

"मग नेटवर्क आम्हाला कोण शिकवणार?"

"सिव्हिलचे सर बघतील. शेवटी पीपीटीच असतंय की."

"त्यांना त्यातलं काय येतंय?"

"तुला येतंय ना? झालं मग."

ती बाहेर आली तेव्हा मॅडम गेलेल्या होत्या. सिव्हिलचे सर खरंच बघायला आले. भले गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला यातलं कळत नाही, तू वाच, मी बसतो." ते पेपर चाळत बसायचे आणि ती वाचायची. काही अडलं की संध्याकाळी मॅडमना फोन करायची. पहिले काही आठवडे मॅडम भरभरून सांगायच्या. नंतर त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हे, पण थकवा यायला लागला. कुठल्याशा शाळेत त्या बदली शिक्षिका म्हणून जात होत्या, तिथून येऊन नवऱ्याचं करायचं. सुष्मितानं फोन कमी केले, मग बंदच केले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा संच हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला.

"छान आहे. पण यात एआय कुठं आहे?"

"यात एआय नाही सर. हे पाण्याची पातळी पाठवतं. नेटवर्क नसलं तरी."

"हल्ली नेटवर्क कुठं नसतं?" परीक्षक हसून म्हणाले आणि काठावरचे मार्क देऊन पुढच्या पोराकडं वळले.

डिग्री हातात आली. कॉलेजात ज्या कंपन्या आल्या त्या सगळ्या कंप्युटरच्या पोरांसाठी. सुष्मिता रुद्रेशच्या घरी राहून पुण्यात फिरली. एका ठिकाणी दूरसंचारचं खरं काम होतं. तिथं प्रश्नांची उत्तरं तिनं धडाधड दिली. देता देता ती सवयीनं "मग मी असं करतो" म्हणून गेली. आमच्याकडं बायकापोरी असंच बोलतात, त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. "कोल्हापूर का?" त्यांनी विचारलं. त्यानंतरचे प्रश्न शिक्षणाचे नव्हते. त्यांचा फोन आला नाही. रुद्रेशनं 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही, पण त्याची बायको डबा भरताना विचारायची, "आज आहे का कुठं?" आणि सुष्मिताला ताटावरून उठावंसं वाटायचं. ती परत आली.

कोल्हापुरात हंबीररावांचा इंटरनेटचा धंदा होता. आधी केबल टीव्ही, आता घरोघरी फायबर. सुष्मिता तिथं तंत्रज्ञाचं काम मागायला गेली.

"पोरगी खांबावर चढणार?" हंबीरराव म्हणाले. "लोक माझ्या तोंडात शेण घालतील. त्यापेक्षा ऑफिसात बस. फोन घ्यायचे. आवाज चांगला हाय तुझा, खणखणीत."

तिनं आठवडाभर विचार केला आणि बसली. काम सोपं होतं. नेट बंद पडलेल्या माणसांचे फोन घ्यायचे, तक्रार लिहायची आणि एक वाक्य सांगायचं: काम चालू आहे, दोन तासांत येईल. कुठं काय बिघडलंय हे ठाऊक असो नसो, माणूस दुरुस्तीला गेलेला असो नसो, वाक्य तेच. पहिल्या दिवशी तिनं हंबीररावांना विचारलं होतं, "आणि दोन तासांत न्हाई आलं तर?"

"मग ते परत फोन करतील. परत सांगायचं."

हळूहळू तिला ते वाक्य उच्चारायला श्वाससुद्धा घ्यावा लागेना. रोज कागलहून यायचं, खुर्चीत बसायचं, संध्याकाळी जायचं. अप्पा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी नेटवर्कमध्ये हाय." त्यात काही खोटं नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी, नऊचा सुमार असेल, एक फोन आला.

"नमस्कार, कळंब्याच्या पुढच्या कॉलनीतून बोलते. पहाटेपासून आमचं नेट बंद आहे. मला बारा वाजता एक महत्त्वाचं काम आहे. तोवर सुरू होईल का? होणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मी दुसरीकडं कुठंतरी सोय बघते."

पहिल्या दोन शब्दांतच सुष्मितानं आवाज ओळखला. वाटलं, नाव सांगावं. आणि मग मॅडम विचारणार, तू तिथं काय करतेस? पुढचं काही सुचायच्या आत तोंडातनं वाक्य निघून गेलं.

"काम चालू आहे मॅडम. दोन तासांत येईल."



"नक्की येईल ना?"

"नक्की."

"बरं. मग मी थांबते."

फोन ठेवल्यावर ती उठून हंबीररावांकडं गेली. कळंब्याकडं गटारीच्या खुदाईत जेसीबीनं केबल तोडली होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण सम्राट आणि त्याची जोडणीची माणसं शिरोलीकडच्या एका मोठ्या हॉटेलवर होती. तिथं लग्न होतं आणि ते थेट प्रक्षेपित करायचं होतं.

"काका, कळंब्याचं आधी करू या. अर्जंट हाय."

"कोण हाय?"

"माझ्या मॅडम."

"अगं, एका घरासाठी टीम वळवू? हॉटेलवाला माझी सालटी काढंल."

तिनं सम्राटला फोन केला. तो म्हणाला, "येतोय की, इथलं उरकलं की निघतोय." दहा वाजले. तिनं परत केला, तो म्हणाला, "निघालोच." तिच्या शेजारचा फोन वाजत होता आणि ती लोकांना दोन तास सांगत होती. अकराला कळलं की सम्राट हॉटेलात जेवायला बसलाय. मॅडमना आत्ता तरी खरं सांगावं म्हणून तिनं फोन हातात घेतला, आणि ठेवला. अजून होईल, असं तिला वाटत होतं. साडेअकराला ती गाडीची किल्ली घेऊन उठली. मागनं हंबीरराव काहीतरी ओरडले.

खुदाईनं रस्ता अडला होता, वळसा घालून जाईपर्यंत बारा वाजून गेले. मॅडमच्या घरात मोबाईलवर बोलणं तेवढं व्हायचं, नेटला गच्चीच गाठावी लागायची, हे तिला माहीत होतं. ती सरळ गच्चीवर गेली. मॅडम पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप ठेवून उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, कपाळावर घामाची धार. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून त्यांचे यजमान वाकलेल्या पाठीनं छत्री धरून उभे होते. शेजारी फोन ठेवून त्याच्यावरून नेट घ्यायचा प्रयत्न चालला होता. पडद्यावर तीन माणसं तोंडं उघडी ठेवून गोठली होती.

"हॅलो सर, माझा आवाज येतोय का? सर?"

"मॅडम," सुष्मिता म्हणाली, "माझ्या ऑफिसात चला. तिथलं चालू हाय. माझ्या मागं बसा."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. लॅपटॉप मिटून छातीशी धरला आणि जिना उतरल्या.

ऑफिसात सुष्मितानं आपली खुर्ची दिली, वायर जोडली. लॅपटॉपवर बैठक संपल्याचं दाखवत होतं. मॅडमनी दिलेल्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या गृहस्थांनी सौजन्यानं सांगितलं की पुढचे उमेदवार चालू आहेत, पुन्हा मुलाखतीची वेळ देणं समितीच्या हातात नाही. सांगलीकडच्या एका कॉलेजातली जागा होती. कायमची. कम्युनिकेशन आणि नेटवर्क्स शिकवायची.

मॅडमनी फोन ठेवला.

"शेवटी जे ऐकू आलं ना," त्या म्हणाल्या, "एकजण म्हणाले, नेटवर्क शिकवायला आलेल्या मॅडमचंच नेटवर्क चालत नाही. आणि हसले सगळे. तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं."

सुष्मिताला रडू फुटलं. "मॅडम, सकाळी फोनवर मीच होतो."

"माहीत आहे."

"काय?"

"तुझा आवाज मी ओळखणार नाही?" मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, त्यांच्या मुलाच्या ऑफिसात जा, गाडी देते. मी म्हटलं, नको. सुष्मिता आहे तिथं. ती येईल म्हणाली म्हणजे येईल."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. तो वाजून वाजून बंद झाला, परत सुरू झाला. आतून हंबीरराव ओरडले, "अगं, फोन घे की!"

"घे," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. सुष्मितानं सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाल्या, रिक्षा करते. दुपारी चारच्या पुढं सम्राट कळंब्याला पोचला आणि त्या कॉलनीचं नेट सुरू झालं.

एप्रिल संपता संपता मॅडमनी घर भाड्यानं दिलं आणि यजमानांना घेऊन त्या आजऱ्याला गेल्या. भावाच्या कारखान्यात देखरेखीला माणूस पाहिजेच होता. हे सुष्मिताला यशराजकडून कळलं. त्याच्या डेअरीच्या टेम्पोतनं सामान गेलं होतं. गच्चीवरची अँटेना भाडेकऱ्यांनी काढून टाकली. पाइपाचा त्यांना दुसरीकडं उपयोग झाला.

मध्ये काही दिवस सुष्मितानं लोकांना खरं सांगून बघितलं. कधी येईल ते सांगता येत नाही, माणूस अजून निघालेला नाही. लोक जास्त चिडले, शिव्या घातल्या, दोघांनी कनेक्शन तोडलं. हंबीररावांनी बोलावून समजावलं, तसे चांगल्या शब्दांत. अप्पांना ती म्हणाली, "सोडतो मी हे." अप्पा कापडाची घडी घालत म्हणाले, "सोड की. पुढं काय करतीस?" शांतव्वा आतून म्हणाली, "साकु, पुरे झालं. जेवून घ्या आता." दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.

दिवाळीत तिनं मॅडमना फोन लावला. बऱ्याच वेळा लावल्यावर लागला. मागं कारखान्यातल्या बायकांचा गलका होता. मॅडम चांगल्या बोलल्या. काजूची प्रतवारी कशी करतात ते सांगितलं, यंदा माल कमी आलाय म्हणाल्या, यजमानांची पाठ तिकडच्या हवेनं जरा बरी आहे म्हणाल्या. मग विचारलं, "तुझ्या लग्नाचं बघतात का गं?"

"बघतात की."

"बघू दे. कोल्हापुरातलंच बघा."

तिकडून कुणीतरी मॅडमना हाक मारली. "करते गं परत," त्या म्हणाल्या. सुष्मिता बरं म्हणाली. पुढं वर्षभर दोघींपैकी कुणाचाच फोन झाला नाही, आणि पुढच्या दिवाळीला करायचं तिच्या मनात होतं ते राहून गेलं.